रताळ्याचा ब्रिक्स 9 वर अडकलाय. काढावं की थांबावं?

माळरान_माढा
रामराम मंडळी. माढा तालुक्यात मुरमाड रानात अर्धा एकर रताळी आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वेलाची लागण केली, महाशिवरात्रीच्या बाजाराला काढायचा बेत आहे. आमची पूर्वी द्राक्षबाग होती, त्या वेळचा रिफ्रॅक्टोमीटर (रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा दाखवणारं यंत्र) घरात पडून होता. तीन महिने उलटल्यावर बांधाकडचा एक वेल उकरला, रताळं किसून फडक्यातून पिळलं आणि थेंब टाकला. ब्रिक्स 8. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सरीतलं पाहिलं, 9. काल परत 9.

द्राक्षाला 18 च्या खाली कात्री लावायची नाही हे अंगात मुरलेलं. उसाचं पण तसंच, 20 च्या पुढं गेला की पक्व. मग रताळं 9 वर का बसलंय? व्यापारी म्हणतो, "माल गोड पाहिजे, मागच्या साली फिका निघाला म्हणून गिऱ्हाईक ओरडलं." पाणी तोडलं तर साखर भरेल का? उसाला शेवटी पाण्याचा ताण दिला की साखरेचा उतारा वाढतो तसं काही? का अजून महिनाभर जमिनीत ठेवू? जाणकारांनी सांगा.

हुरडा_पार्टी
कशाला टेन्शन घ्यायलालाव, अण्णा. उकडा, वर गूळ टाका, गोडच गोड.

बाकी विषय भारी आहे. पॉपकॉर्न घेऊन बसतो. म्हणजे शेंगा.

निवृत्त_केमिस्ट
माळरान, तुमचा रिफ्रॅक्टोमीटर बरोबर आहे, प्रश्न वेगळा आहे. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं, ब्रिक्स आणि पोल (रसातल्या सुक्रोजचं माप) हाच धंदा होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रिक्समध्ये फक्त रसात विरघळलेला माल दिसतो. उसात आणि द्राक्षात पीक जे साठवतं ती साखरच असते, विरघळलेली. म्हणून तिथं आकडा म्हणजेच पक्वता. रताळं साखर साठवतच नाही हो. ते स्टार्च साठवतं, आणि स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही. तुम्ही रस पिळला तेव्हा वाटीच्या तळाशी पांढरा गाळ बसला असेल, बोटाला खळीसारखा लागणारा. तुमचं खरं पीक तो गाळ आहे. रिफ्रॅक्टोमीटरला तो दिसत नाही.

आता आतमध्ये काय चालतं ते. लागणीनंतर पहिला महिनाभर सगळी मुळं जवळपास सारखीच दिसतात. त्यातली काही पुढं जाड व्हायला लागतात. या कोवळ्या अवस्थेत त्यांच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बऱ्यापैकी असतं, स्टार्च कमी. पानांत तयार झालेली साखर सुक्रोजच्या रूपात वेलातून खाली उतरते, आणि कोवळं मूळ ती फोडून पेशी वाढवण्यात खर्च करतं. दीड-दोन महिन्यांनंतर रोख बदलतो. खाली आलेलं सुक्रोज आता दुसऱ्या एन्झाइमच्या वाटेनं जातं आणि स्टार्चच्या कणांत बांधलं जातं. ग्लुकोज-फ्रुक्टोज उतरत जातात, सुक्रोज टिकून राहतं किंवा थोडं चढतं, आणि स्टार्च चढतच राहतो. एक साखर खाली, दुसरी वर, बेरीज तिथल्या तिथं. तुमचा आकडा 8-9 वर फिरतोय तो त्यामुळे.

ढोबळ प्रमाण सांगतो. 100 ग्रॅम कच्च्या रताळ्यात जातीनुसार 12 ते 20 ग्रॅम स्टार्च, आणि साखर साधारण 3 ते 6 ग्रॅम. आणखी महिनाभर जमिनीत ठेवलंत तरी ब्रिक्स 18 होणार नाही.

माळरान_माढा
काका, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गाळ बसला होता खरा, मी माती समजून फेकला. मग पक्व झालं हे ओळखायचं कसं? आणि गोडी येणार कुठून, जमिनीत जर ती वाढतच नसेल तर?

भीमाकाठ
ओळखायला मशीन कशाला पाहिजे? पानं पिवळी पडायला लागली, वेलाची वाढ थांबली की पीक आलं. एक रताळं आडवं कापून ठेवा. चीक तसाच वाळला, कापलेली बाजू पांढरी राहिली तर पक्व. हिरवट-काळी पडली तर कच्चं. पंढरपूर भागात आमच्या आज्यापासून हेच चालतं.

निवृत्त_केमिस्ट
भीमाकाठ यांनी सांगितलेली खूण उत्तम आहे, पुस्तकांतही तीच दिलेली असते. आकडाच पाहिजे असेल तर माळरान यांनी 100 ग्रॅम पातळ काप करून उन्हात कडकडीत वाळवावेत आणि परत वजन करावं. 30 ग्रॅमच्या आसपास उरले तर पांढऱ्या जातीला चांगलं भरलंय म्हणायचं. उरलेल्यात बहुतांश स्टार्चच असतो. 20-22 उरले तर अजून पाणीच जास्त आहे. दर आठवड्याला हा आकडा पाहा, वाढायचा थांबला की खणायला घ्या.

कापावर जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाकला की निळं-काळं होतं, तोही स्टार्चच. पण त्यानं आहे की नाही एवढंच कळतं, किती ते कळत नाही. पोरांना दाखवायला मजा येते.

सांगोला_डाळिंब
बटाट्याला मिठाच्या पाण्यात बुडवून बघतात ना, जड तो पिठूळ. ते इथं चालेल का?

निवृत्त_केमिस्ट
बटाट्याला चालतं. रताळ्याच्या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्या प्रत्येक जातीत कमीजास्त, त्यामुळे तरंगण्या-बुडण्यावर भरवसा ठेवू नये. शिवाय बटाटा म्हणजे खोड आणि रताळं म्हणजे मूळ. दिसायला भाऊबंद, पण कुळंही वेगळी.

कंदर_केळी
गोडी कुठून येणार या प्रश्नावर मी बोलतो, कारण आमचा धंदा त्यावरच आहे. आमच्या करमाळा भागात केळी हिरवी, कडक उतरवतात. त्या वेळी चावली तर तुरट पीठ. साधारण 20 टक्के स्टार्च असतो, पिकून पिवळी झाली की एक-दोन टक्केच राहतो, बाकी सगळ्याची साखर. म्हणजे गोडी बागेत नाही, उतरवल्यावर येते. रताळ्याचं वळण त्याच बाजूचं आहे, फक्त एवढं जोरात नाही. काढल्यावर ठेवलं की त्यातला थोडा स्टार्च हळूहळू साखरेत जातो. सकाळी उपटलेलं संध्याकाळी उकडून बघा, पिठूळ आणि फिकं लागेल. तेच दोन-तीन आठवडे नीट ठेवून उकडा.

पण "नीट" या शब्दात सगळं आलं. काढल्या काढल्या पहिले पाच-सहा दिवस ऊब आणि दमटपणा पाहिजे. साधारण 30 अंश आणि 85-90 टक्के आर्द्रता. त्यात खणताना पडलेल्या जखमा भरतात, सालीखाली नवा थर धरतो. त्यानंतर 13 ते 16 अंशांत ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं आणि गोडही होत जातं. केळीचं कोल्ड स्टोरेज 13 च्या आसपासच असतं, तिथं ओळखीनं जागा मिळाली तर बघा. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मात्र चुकूनही टाकू नका, ते फार थंड असतं. 10-12 च्या खाली रताळं आतून बिघडतं, शिजवलं तरी मधला भाग दगडासारखा राहतो. घरच्या फ्रिजचंही तेच.

निवृत्त_केमिस्ट
कंदर यांच्या पोस्टला दुजोरा, आणि एक भर. ऊस याच्या अगदी उलट. ऊस तुटला की घड्याळ सुरू होतं. गाळपाला उशीर झाला की सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि उतारा घसरतो. वाहनांची रांग लागली की आमच्या लॅबमध्ये ते आकड्यांत दिसायचं. उसाला वेळ मारतो, रताळ्याला वेळ गोड करतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे पचायला जड जाणार, कारण आपल्याकडं पीक म्हणजे ऊस, आणि घाई म्हणजे तोडणीची घाई!

भीमाकाठ
काका, हे सगळं ऐकायला गोड आहे. पण धंद्याचं बोला की. रताळं विकतं वजनावर. तीन आठवडे ठेवलं की वजन घटणार, साल सुरकुतणार, आणि व्यापारी म्हणणार "शिळा माल". आषाढीला आम्ही दशमीला पहाटे खणतो आणि दुपारपर्यंत माल संपतो. उपवासाला लोक घेतातच, गोड असो नाहीतर फिका. वारकऱ्याला ब्रिक्स विचारायला कोण येतंय? आणि एकादशी टळली की त्याच रताळ्याला निम्मा भाव. थांबणं परवडत नाही.

कंदर_केळी
वजन घटतं हे खरंच. नीट ठेवलं तर थोडं, उघड्यावर ठेवलं तर बरंच. पण माळरान यांचा व्यापारी स्वतः "गोड पाहिजे" म्हणतोय, म्हणजे त्याच्या गिऱ्हाइकानं मागच्या साली तोंड वाकडं केलंय. आणि सणानंतर ठेवा असं कोण म्हणतंय? सणाच्या आधी काढा. भाव सणालाच घ्यायचा.

चुलीवरची_बार्शी
मधेच घुसते. मी काही शेतकरी नाही, पण रताळी आयुष्यभर शिजवतेय. एकाच टोपलीतली रताळी कुकरला तीन शिट्ट्या काढून केली तर ओलसर, फिकी. तीच चुलीच्या आरात, राखेत पुरून तासभर ठेवली की सालीतून चिकट पाक बाहेर येतो, बोटं चाटावी लागतात. मी समजत होते की धुराची चव असेल. पण गॅसवर लोखंडी तव्यात झाकण घालून मंद ठेवली तरी गोडच होतात, तिथं धूर कुठला? काका, याचं काय कारण?

आणि माझ्या जिभेला आषाढीची रताळी शिवरात्रीच्या मानानं नेहमी फिकी लागतात. सासूबाई पण हेच म्हणायच्या, म्हणून आषाढीला किसात साखर जास्त घालायच्या.

निवृत्त_केमिस्ट
ताई, तुम्ही या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात.

शिजलेल्या रताळ्यातली गोडी मुख्यतः माल्टोज नावाच्या साखरेची असते. कच्च्या रताळ्यात ती जवळजवळ नसतेच, ती शिजताना तयार होते. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, ते स्टार्चच्या लांब साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्या तोडत जातं. दोन कड्या म्हणजे एक माल्टोज. पण कच्च्या स्टार्चचा कण त्याला फोडता येत नाही. कण आधी उष्णतेनं फुगून मऊ व्हावा लागतो, ते साधारण 65-75 अंशांच्या पट्ट्यात होतं. आणि 80 च्या पुढं हे एन्झाइम स्वतःच निकामी व्हायला लागतं. म्हणजे कामाला खिडकी अरुंद आहे. राखेत किंवा मंद तव्यावर रताळं त्या खिडकीतून सावकाश जातं, म्हणून पाक सुटतो. कुकर काही मिनिटांत शंभरच्या वर नेतो, एन्झाइमला हात मारायलाच वेळ मिळत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तर त्याहून वाईट.

कुकरच वापरायचा असेल तर आधी रताळी पातेल्यात गार पाण्यात घालून अगदी बारीक आचेवर अर्धा-पाऊण तास तापू द्या, मग शिट्टी. फरक लागेल.

आषाढीच्या रताळ्याचं तुमचं निरीक्षण मला पटतं, आणि त्याला कारणं आहेत. ते पीक फेब्रुवारी-मार्चला लावलेलं असतं, म्हणजे ऐन पोसायच्या वेळी आपला एप्रिल-मे, 40-42 अंश. रताळ्याच्या मुळाला जमीन 20 ते 30 अंश आवडते, रात्र गार असली तर अजून बरं. तापलेल्या जमिनीत वेल माजतो आणि मूळ मागं पडतं. शिवाय गरम जमिनीत तयार झालेला स्टार्च फुगायला जास्त तापमान मागतो. म्हणजे आधीच अरुंद असलेली खिडकी आणखी अरुंद. त्यात भीमाकाठ म्हणतात तसं दशमीला खणून एकादशीला कुकरमध्ये! बिचाऱ्या रताळ्याला गोड व्हायची एकही संधी दिलेली नाही. शिवरात्रीचं पीक थंडीत पोसतं, म्हणून माळरान यांची बाजू मुळातच बरी आहे.

चुलीवरची_बार्शी
म्हणजे साखर वाढवायच्या ऐवजी आच कमी करायची. आज संध्याकाळीच बघते.

पुणेकर_मूळ_अक्कलकोट
वडिलांना डायबेटिस आहे, उपवास सोडत नाहीत. रताळं चालतं असं सगळे सांगतात. वरचं वाचून घाबरलो.

निवृत्त_केमिस्ट
मी डॉक्टर नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. एवढं सांगू शकतो की भाजलेल्या रताळ्यानं रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा जोरात चढते. त्यांच्यासाठी राखेतलं नको, उकडलेलं आणि थोडंच. आणि साबुदाणा, भगर, रताळं तिन्ही एका ताटात नकोत.

सांगोला_डाळिंब
जातीचं कुणी बोललंच नाही. बाजारात बेळगावकडची मोठी, देखणी येतात, पण करमाळ्याकडची गावरान बारकी असून चवीला वर. आता केशरी गराच्या भू सोनाचं नाव ऐकतोय, तिरुअनंतपुरमच्या कंदपीक संस्थेची. जांभळ्या गराची भू कृष्णा पण तिचीच. ती गोड असतात का?

कंदर_केळी
केशरी गर म्हणजे बीटा-कॅरोटीन, जीवनसत्त्व अ साठी चांगलं. जांभळा रंग अँथोसायनिनचा. रंगाचा आणि गोडीचा थेट संबंध नाही. केशरी जाती बऱ्याचदा ओलसर असतात, त्यांच्यात कोरडा भाग कमी, आपल्या लोकांना पांढऱ्याचा पिठूळपणा आवडतो. कोकण अश्विनी ही दापोली विद्यापीठाची जात आहे, बेणं मिळालं तर एक सरी लावून बघा. बाजार बघूनच क्षेत्र वाढवा. केशरी रताळं बघून आपल्याकडं गिऱ्हाईक अजून विचारतं, "हे काय, गाजर आहे का?"

माळरान_माढा
पाण्याचं राहिलं. ताण द्यायचा का? आणि वेल खूप माजलाय, युरिया जास्त पडला बहुतेक.

निवृत्त_केमिस्ट
उसासारखा ताण देऊन साखर "भरत" नाही, ते डोक्यातून काढा. पण शेवटच्या दोन आठवड्यांत पाणी कमी करा, नाहीतर रताळं पाणी पिऊन फुगतं, कोरडा भाग घटतो, कोरड्यानंतर एकदम पाणी बसलं तर तडाही जातात. युरिया आता अजिबात नको. नत्रानं पानं वाढतात आणि साखर वरच खर्च होते. पालाश (पोटॅश) लागणीच्या वेळी आणि भर देताना द्यायला हवं होतं, साखर पानातून मुळाकडे पोचवण्यात त्याचा मोठा हात असतो. पुढच्या वेळी माती तपासून मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

भीमाकाठ
वेल पलटून घ्या. पेरापेरातून मुळ्या धरल्या असतील, त्या तोडा, नाहीतर बारकी-बारकी रताळी दहा ठिकाणी आणि खालचं मुख्य उपाशी. मुरमाड रान आहे म्हणजे खणायला सोपं जाईल. आमच्या काळ्या रानात काढणीच्या तीन-चार दिवस आधी हलकं पाणी दिल्याशिवाय कुदळ शिरत नाही, निम्मी रताळी तुटतात.

अजून एक. भेगा पडल्या असतील तर मातीनं बुजवा. भुंगा भेगेतूनच आत शिरतो. त्यानं पोखरलेलं रताळं कडू जहर होतं, एक जरी पोत्यात गेलं तरी गिऱ्हाईक पुढचं पोतं घेत नाही.

निवृत्त_केमिस्ट
तो कडूपणा रताळं स्वतःच तयार करतं, किडीपासून बचाव म्हणून. साखर कितीही असो, त्याच्यापुढं लपत नाही. आणि बुरशी लागलेली, सडकी रताळी गुरांपुढं टाकू नका. त्यात फुप्फुसाला घातक विष तयार होतं, जनावर धाप लागून मरतं. खेड्यात हे सर्रास टाकलं जातं म्हणून मुद्दाम लिहिलं.

माळरान_माढा
सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय: दर आठवड्याला काप वाळवून वजन बघायचं. जानेवारीअखेर, म्हणजे चार महिने भरायच्या सुमाराला, अर्ध्याहून जास्त रान काढायचं, ऊब देऊन ठेवायचं आणि शिवरात्रीच्या चार-पाच दिवस आधी बाजारात न्यायचं. उरलेल्या सऱ्या भीमाकाठ यांच्या पद्धतीनं ऐनवेळी. दोन्हीचा भाव आणि वजन इथं टाकतो. पण 30 अंश आणि 90 टक्के ओल आणायची कुठून? आपली हवा किती कोरडी आहे ते माहीत आहेच.

कंदर_केळी
दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये 30 होतंच. रताळी फूटभर उंचीच्या थरात पसरा, वर ओलं करून पिळलेलं गोणपाट टाका, कडेनं जमिनीवर पाणी शिंपडा, रात्री ताडपत्री लावून दारं बंद. रताळ्यावर थेट पाणी नको. पाच-सहा दिवसांनी गोणपाट काढा, मग सावलीत हवेशीर जागा. जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडं शेडमध्ये रात्रीचा गारवा आपोआप मिळतो. उन्हात मात्र तासभरही पडू देऊ नका. कुदळ लागलेली, साल निघालेली पहिल्याच दिवशी वेगळी काढून घरी खा.

हुरडा_पार्टी
घरी खायच्यांसाठी आम्ही येतो. आर आम्ही करतो, राख ताईंनी सांगितली तशी.

भीमाकाठ
खणल्यावर धुणार आहात का? आम्ही धुवूनच भरतो, लाल साल चमकली की भाव दोन रुपये वर जातो.

कंदर_केळी
ठेवायच्या मालाला पाणी लावू नका, माती तशीच राहू द्या. ओल धरली की जखमेतून सडतं.

माळरान_माढा
पण माझ्या व्यापाऱ्यालाही धुतलेलीच लागतात.

कंदर_केळी
मग पोती भरायच्या दिवशी सकाळी धुवा, सावलीत सुकवा आणि दुपारी गाडीत घाला.